जतन केलेला जुना पिकअप : मुंबई उपनगरांच्या श्रमेतिहासाचे एक दुर्लक्षित साधन

सारांश

जुन्या मोटारगाड्यांचे जतन हा आपल्याकडे प्रामुख्याने संस्थानिक, उद्योगपती आणि हौशी संग्राहक यांच्याशी जोडला गेलेला विषय आहे. त्या तुलनेत मालवाहतूक करणाऱ्या लहान वाहनांचा, म्हणजेच पिकअपचा, विचार वारसा म्हणून क्वचितच झालेला दिसतो. प्रस्तुत निबंधात कुर्ला व कांदिवली या दोन उत्पादनकेंद्रांच्या संदर्भात अशा वाहनांचा इतिहास, त्यांच्या जतनाची प्रक्रिया, पुनर्विक्रीतील त्यांचे आकर्षण आणि विद्यमान कायद्यातील त्यांचे स्थान यांचा परामर्श घेतला आहे.

बीजसंज्ञा : पिकअप, जीप, भौतिक संस्कृती, दुरुस्ती, व्हिंटेज वाहन, मुंबई उपनगर

१. प्रस्तावना

इतिहासलेखनात साधनांचा विचार करताना कागदपत्रे, शिलालेख, नाणी, वास्तू आणि मौखिक परंपरा यांचा उल्लेख परंपरेने केला जातो. विसाव्या शतकाच्या इतिहासासाठी मात्र कारखान्यात तयार झालेली वस्तू हेदेखील महत्त्वाचे साधन ठरते. शिवणयंत्र, रेडिओ, सायकल यांच्या अभ्यासातून समाजजीवनाचे अनेक पैलू स्पष्ट होऊ शकतात. मोटारवाहन हे याच प्रकारातील साधन होय. परंतु मोटारवाहनांच्या इतिहासात प्रवासी गाडीला जे स्थान मिळाले, ते मालवाहू गाडीला मिळालेले नाही.

या पार्श्वभूमीवर एक साधी घटना विचारात घेण्यासारखी आहे. अर्धशतकापूर्वीचा, चांगल्या स्थितीत ठेवलेला एखादा पिकअप विक्रीस निघतो, तेव्हा त्याची किंमत केवळ त्याच्या वहनक्षमतेवरून ठरत नाही. त्याच रकमेत अधिक माल वाहणारे, कमी इंधन खाणारे आणि सहज दुरुस्त होणारे नवे वाहन मिळण्याची शक्यता असते. तरीही ग्राहक जुन्या वाहनाभोवती फेऱ्या मारतो, त्याचा हौदा हाताने चाचपून पाहतो, फाळक्याच्या कड्या उघडून बंद करतो आणि आरसी बुकाची पाने उलटतो. या आकर्षणाचे स्वरूप काय, ते कोणत्या इतिहासातून निर्माण झाले आणि खरेदीविक्रीच्या व्यवहारात त्या इतिहासाचे काय होते, हे प्रश्न प्रस्तुत निबंधाच्या केंद्रस्थानी आहेत.

अभ्यासाचे क्षेत्र कुर्ला ते मुलुंड आणि अंधेरी ते बोरिवली या दोन उपनगरीय पट्ट्यांपुरते मर्यादित ठेवले असून विवेचनासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

२. पिकअप : संकल्पना व भाषिक व्यवहार

समोर चालकाची बंदिस्त जागा आणि मागे उघडा हौदा, अशी पिकअपची सर्वसाधारण रचना असते. अमेरिकेत फोर्ड कंपनीने १९२५ साली मॉडेल टी या गाडीची पिकअप आवृत्ती कारखान्यातूनच तयार करून विक्रीस आणली. तत्पूर्वी शेतकरी व लहान व्यापारी प्रवासी गाडीचा मागील भाग कापून स्वतःच हौदा बसवून घेत असत. पुढील काळात अमेरिकेत पिकअप हे शेतावरून घरात आले आणि कुटुंबाचे खासगी वाहन बनले. त्यामुळे तेथे जुन्या पिकअपविषयी वाटणारी ओढ ही बहुधा कौटुंबिक स्मृतीशी निगडित असते.

भारतात हा प्रवास वेगळ्या दिशेने झाला. येथे पिकअप हे मुख्यत्वे धंद्याचे वाहन राहिले. भाषेतही त्याच्या खुणा आढळतात. ‘टेम्पो’ हे मूळचे एका जर्मन कंपनीच्या वाहनाचे नाव. १९५८ साली स्थापन झालेल्या बजाज टेम्पो कंपनीने त्या कंपनीच्या सहकार्याने तीनचाकी मालवाहू वाहनांचे उत्पादन केले आणि काही वर्षांतच हे विशेषनाम मराठीत सामान्यनाम झाले. पुढे २००५ साली बाजारात आलेल्या टाटा एस या वाहनाला लोकांनी ‘छोटा हत्ती’ हे नाव दिले. कंपनीने दिलेले नाव बाजूला सारून समाजाने स्वतःचा शब्द योजावा, यावरून ही वाहने दैनंदिन व्यवहारात किती खोलवर रुजली होती, हे लक्षात येते.

३. कुर्ला आणि कांदिवली : उत्पादनाची दोन केंद्रे

भारतात मोटार उद्योग उभारण्याचा प्रयत्न दुसऱ्या महायुद्धापूर्वीच सुरू झाला होता. सर मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांनी १९३०च्या दशकात या उद्योगाची योजना मांडली आणि सोलापूरचे सुपुत्र वालचंद हिराचंद यांनी ती प्रत्यक्षात आणण्यासाठी दीर्घकाळ खटपट केली. वसाहतकालीन सरकारकडून अपेक्षित पाठबळ मिळाले नाही. अखेरीस १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाईल्स ही कंपनी स्थापन झाली आणि कुर्ला येथे तिचा कारखाना उभा राहिला. अमेरिकेतील क्रायस्लर कंपनीच्या सहकार्याने तेथे डॉज, डिसोटो, प्लिमथ या गाड्यांची आणि डॉज व फार्गो या नावांच्या मालवाहू वाहनांची जुळणी होऊ लागली. १९५०च्या दशकात फियाटशी झालेल्या सहकार्यातून प्रवासी गाड्यांचे उत्पादन सुरू झाले. त्यातूनच पुढे प्रीमियर पद्मिनी ही मुंबईची ओळख ठरलेली गाडी साकारली.

दुसरे केंद्र कांदिवली. १९४५ साली जगदीशचंद्र महिंद्रा, कैलासचंद्र महिंद्रा आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी पोलादाच्या व्यापारासाठी सुरू केलेली कंपनी फाळणीनंतर, १९४८ साली, महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखली जाऊ लागली. गुलाम मोहम्मद पाकिस्तानात गेले व त्या देशाचे पहिले अर्थमंत्री झाले. विलीज कंपनीच्या जीपचे सुटे भाग अमेरिकेतून आणून माझगाव येथे जुळणी करण्यापासून महिंद्रांच्या वाहननिर्मितीला प्रारंभ झाला. पुढे कांदिवली पूर्वेला आकुर्ली रस्त्यालगत मोठा कारखाना उभारण्यात आला.

१९६५ सालापासून महिंद्रांनी हलक्या व्यापारी वाहनांच्या निर्मितीस आरंभ केला. त्यांतील एफसी-१५० हे वाहन प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहे. विलीज कंपनीच्या ‘फॉरवर्ड कंट्रोल’ मालिकेवर ते आधारलेले होते. या रचनेत चालकाची बैठक पुढील चाकांच्या वर येते आणि इंजिन चालकाच्या बाजूलाच, केबिनच्या आत सामावले जाते. त्यामुळे समोर लांब नाक राहत नाही आणि आखूड वाहनातही माल ठेवण्यासाठी अधिक लांबीचा हौदा मिळतो. पुढच्या व मागच्या चाकांमधील अंतर अवघे ८१ इंच असल्याने अरुंद गल्लीत गाडी वळवणे सुकर होई. अमेरिकेत ही मालिका १९६०च्या दशकाच्या मध्यास बंद झाली. भारतात मात्र तिचे आयुष्य त्याच सुमारास सुरू झाले. एका देशात कालबाह्य ठरलेले तंत्रज्ञान दुसऱ्या देशात पुढील दशकांचा आधार बनते, याचे हे बोलके उदाहरण होय.

या उत्पादनामागे कामगारवर्गाचा स्वतंत्र इतिहास आहे. प्रीमियर ऑटोमोबाईल्समधील मोटार उत्पादन विभागाच्या प्रोत्साहनपर वेतनावरून उद्भवलेला वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ‘प्रीमियर ऑटोमोबाईल्स विरुद्ध कमलाकर शांताराम वाडके’ या १९७५ सालच्या निर्णयात औद्योगिक विवाद दिवाणी न्यायालयात केव्हा नेता येतो, याची तत्त्वे निश्चित करण्यात आली व आजही कामगार कायद्याच्या अभ्यासक्रमात त्याचा समावेश होतो. घाटकोपर येथे वैद्यकीय व्यवसाय करणारे डॉ. दत्ता सामंत यांच्या कामगार चळवळीशीही या कारखान्याचे नाव निकटपणे जोडले गेले आहे. म्हणून कुर्ल्यात तयार झालेल्या वाहनाकडे पाहताना पत्रा व इंजिन यांच्याबरोबरच वेतनकरार, पाळ्या आणि संप यांचाही विचार करणे क्रमप्राप्त ठरते.

४. उपनगरांचा विस्तार आणि लहान मालवाहू वाहन

मुंबई महानगरपालिकेची हद्द १९५० साली जोगेश्वरी व भांडुपपर्यंत आणि १९५७ साली दहिसर व मुलुंडपर्यंत वाढविण्यात आली. आग्रा रस्ता, म्हणजेच आजचा लालबहादूर शास्त्री मार्ग, याच्या दुतर्फा कुर्ला, घाटकोपर, भांडुप व मुलुंड येथे कारखाने उभे राहिले. पश्चिमेकडे अंधेरी, गोरेगाव व कांदिवली येथे औद्योगिक वसाहती वाढल्या. १९५१ साली गोरेगाव येथे आरे दुग्धवसाहतीचे उद्घाटन झाले आणि दूधवितरणाची संघटित व्यवस्था आकारास आली.

लोकवस्ती व उद्योग अशा रीतीने विखुरल्यामुळे कमी अंतराच्या, लहान प्रमाणातील मालवाहतुकीची गरज निर्माण झाली. बैलगाडी व हातगाडी यांची मजल अपुरी पडे. मोठा ट्रक वाडी, चाळ व बाजारपेठ यांतील अरुंद रस्त्यांवर शिरत नसे. लाकूड, सिमेंट, भाजीपाला, सुटे यंत्रभाग, मंडपाचे साहित्य आणि बिऱ्हाड हलवणाऱ्या कुटुंबाचे सामान यांसाठी पिकअप व टेम्पो उपयुक्त ठरले. शहराच्या वेशीवरील मुलुंड व दहिसर येथील जकात नाके या वाहनांच्या चालकांना चांगलेच परिचित होते. वस्तू व सेवा करामुळे १ जुलै २०१७ पासून मुंबईतील जकात संपुष्टात आली आणि त्या नाक्यांवरील रांगा इतिहासजमा झाल्या.

५. जतनाची प्रक्रिया : दुरुस्तीचा इतिहास

परवाना पद्धतीच्या काळात वाहनांचे उत्पादन मर्यादित होते व नव्या वाहनासाठी प्रतीक्षा करावी लागे. साहजिकच हाती असलेले वाहन शक्य तितकी वर्षे चालवणे ही आर्थिक अपरिहार्यता होती. जतन हा शब्द आज ज्या हौशी अर्थाने वापरला जातो, त्या अर्थाने ही वाहने जतन झाली नाहीत. ती रोजच्या पोटापाण्यासाठी दुरुस्त होत राहिली, म्हणून टिकली.

या दुरुस्तीचे तीन स्तर सांगता येतात. पहिला स्तर बांधणीचा. मालवाहू वाहने अनेकदा केवळ चेसिस व इंजिनासह विकली जात आणि त्यांवरील हौदा स्थानिक सुतार व लोहार बांधून देत. त्यामुळे एकाच कारखान्यातून, एकाच दिवशी बाहेर पडलेल्या दोन गाड्यांचे हौदे भिन्न असू शकत. लाकडी फळ्यांची जाडी, फाळक्याच्या बिजागऱ्या, ताडपत्री बांधण्याचे आकडे या बाबी मालकाच्या धंद्यानुसार ठरत.

दुसरा स्तर झिजेचा. पाटे बदलणे, इंजिनाचे बोरिंग करून घेणे, गंजलेल्या पत्र्याला जोड देणे ही कामे ठरावीक काळाने करावी लागत. वार्षिक पासिंगसाठी गाडी सादर करावयाची असल्याने त्याआधी तिची रंगरंगोटी होई. सुट्या भागांसाठी कुर्ल्याचा सीएसटी रस्ता व तेथील भंगारबाजार हा मोठा आधार होता. एका मृत वाहनाचे अवयव दुसऱ्या जिवंत वाहनात बसविले जात. या व्यवहारातील ज्ञान पुस्तकातून आलेले नव्हते. मेस्त्रीच्या हाताखाली काम करणाऱ्या पोऱ्याने ते पाहून व करून आत्मसात केलेले होते.

तिसरा स्तर बदलाचा. जुन्या जीपमध्ये व एफसी-१५० मध्ये विलीजचे ‘हरिकेन’ हे १३४ घनइंचांचे पेट्रोल इंजिन असे. १९७३ च्या तेलसंकटानंतर पेट्रोल महागले आणि अनेक मालकांनी मूळ इंजिन काढून त्याजागी डिझेल इंजिन बसवून घेतले. धंदा टिकवण्यासाठी हा निर्णय योग्यच होता. तथापि त्यामुळे आजच्या संग्राहकाच्या दृष्टीने वाहनाचे ‘मूळपण’ बाधित झाले. या विरोधाभासाचा विचार पुढे केला आहे.

१९८०च्या दशकात जपानी सहकार्याने डीसीएम टोयोटा, स्वराज माझदा, ऑल्विन निस्सान, आयशर मित्सुबिशी ही हलकी व्यापारी वाहने रस्त्यावर आली आणि जुन्या पिढीतील वाहनांचे आर्थिक महत्त्व झपाट्याने घटले.

६. पुनर्विक्रीतील आकर्षण

जुन्या वाहनांच्या विक्रीच्या जाहिरातींतील शब्दावली ठरावीक असते. ‘एकहाती वापर’, ‘कागदपत्रे पूर्ण’, ‘इंजिनाचे काम नाही’, ‘चालू स्थितीत’ हे शब्दप्रयोग वरवर व्यावहारिक असले, तरी त्यांतून मूल्यनिर्णयाचे चार निकष हाती लागतात.

पहिला निकष सातत्याचा. एकाच कुटुंबाकडे दीर्घकाळ राहिलेल्या वाहनाचा इतिहास अखंड असतो. आरसी बुक, कराच्या पावत्या, पासिंगच्या नोंदी यांमधून तो वाचता येतो. १९८८ च्या मोटार वाहन कायद्यानंतर रूढ झालेल्या ‘एमएच’ मालिकेपूर्वीचा क्रमांक पाटीवर असेल, तर तो क्रमांकच वाहनाच्या वयाचा पुरावा ठरतो. अंधेरीची एमएच-०२, वडाळ्याची एमएच-०३, बोरिवलीची एमएच-४७ या आजच्या मालिका त्यापुढे अगदी अलीकडच्या वाटतात.

दुसरा निकष प्रामाणिकपणाचा. पिकअपच्या हौद्यावर ओझ्याच्या खुणा असणे स्वाभाविक आहे. सुस्थितीतील परंतु वापरलेला हौदा, गुळगुळीत झालेले स्टिअरिंग, पायाखाली झिजलेले पॅडल या गोष्टी वाहन खरोखर कामात होते, याची साक्ष देतात. कोरे करकरीत वाहन आश्चर्य निर्माण करते. निगा राखून वापरलेले वाहन विश्वास निर्माण करते.

तिसरा निकष आकलनक्षमतेचा. जुन्या वाहनाचे बॉनेट अथवा इंजिनावरील झाकण उघडले की प्रत्येक भाग दिसतो व त्याचे कार्य समजते. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, डायनॅमो यांची दुरुस्ती साध्या अवजारांनी करता येते. संगणकीय नियंत्रणाच्या आजच्या वाहनांत मालक व यंत्र यांच्यातील हा प्रत्यक्ष संबंध क्षीण झाला आहे.

चौथा निकष दुर्मिळतेचा. प्रवासी गाडी काही घरांत प्रतिष्ठेची वस्तू म्हणून छपराखाली राहिली. मालवाहू वाहन मात्र शेवटच्या फेरीपर्यंत वापरले गेले आणि नंतर भंगारात गेले. म्हणून सुस्थितीतील पिकअप शिल्लक राहणे हा अपवाद ठरतो.

येथे एका धोक्याकडे लक्ष वेधणे आवश्यक आहे. विक्रीनंतर अनेकदा वाहनाचे ‘नूतनीकरण’ होते. जुना रंग खरवडला जातो, दारावर रंगविलेले दुकानाचे नाव पुसले जाते, लाकडी फळ्यांऐवजी चकचकीत पत्रा येतो. वाहन देखणे होते; पण त्याच्यावर लिहिला गेलेला धंद्याचा इतिहास नाहीसा होतो. ज्या खुणांमुळे वाहनाचे आकर्षण निर्माण झाले, त्या खुणाच खरेदीनंतर प्रथम नष्ट व्हाव्यात, ही या व्यवहारातील मोठी विसंगती होय.

७. कायदा आणि वारसा

मुंबईतील जुन्या वाहनांचा प्रश्न प्रदूषणाच्या प्रश्नापासून वेगळा करता येत नाही. स्मोक अफेक्टेड रेसिडेंट्स फोरमच्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने १९९९ साली लाल समितीची नेमणूक केली. त्या प्रक्रियेतून शहरातील व्यावसायिक वाहनांच्या वयाचा व इंधनाचा प्रश्न ऐरणीवर आला. २०१० साली महाराष्ट्रात जुन्या वाहनांवर पर्यावरण कर लागू झाला. जुनी इंजिने अधिक धूर सोडतात, ही वस्तुस्थिती असून रोजच्या वाहतुकीतून ती बाजूला होणे सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने हितावहच आहे. प्रश्न त्यांच्या वापराचा नसून स्मृतीचा आहे.

केंद्र सरकारने जुलै २०२१ मध्ये व्हिंटेज वाहनांसाठी स्वतंत्र नियम अधिसूचित केले. त्यानुसार ५० वर्षांहून जुन्या, वैयक्तिक व बिगर-व्यावसायिक वापरातील दुचाकी व चारचाकी वाहनांना ही मान्यता मिळू शकते. नव्या नोंदणीसाठी २०,००० रुपये व पुनर्नोंदणीसाठी ५,००० रुपये शुल्क आहे. आधी नोंदणी झालेल्या वाहनाला जुना क्रमांक राखता येतो, तर नव्या नोंदणीसाठी ‘व्हीए’ ही मालिका आहे. प्रदर्शन, तांत्रिक संशोधन, रॅली, इंधन भरणे व देखभाल अशा मर्यादित कारणांसाठीच असे वाहन रस्त्यावर आणता येते. खरेदीविक्रीस मुभा असून व्यवहाराची माहिती ९० दिवसांत द्यावी लागते.

हे नियम स्वागतार्ह असले, तरी पिकअपच्या संदर्भात त्यांतून दोन अडचणी उद्भवतात. पहिली अशी की, व्याख्येचा गाभाच बिगर-व्यावसायिक वापर हा आहे. ज्या वाहनाचे सारे आयुष्य धंद्यात गेले, त्याचा वारसा म्हणून विचार करताना त्याचे मूळ स्वरूपच अडसर ठरते. दुसरी अशी की, चेसिस, बॉडी वा इंजिनात मोठा बदल झालेला नसावा, अशी अट आहे. वर पाहिल्याप्रमाणे, ज्या फेरबदलांमुळे ही वाहने पन्नास वर्षे जगली, तेच फेरबदल त्यांना अपात्र ठरवू शकतात. श्रीमंताच्या गॅरेजमध्ये उभी राहिलेली गाडी ‘मूळ’ राहते. श्रमिकाच्या हाती चाललेली गाडी बदलते. मूळपणाचा निकष अशा प्रकारे नकळत वर्गीय ठरतो.

आंतरराष्ट्रीय पातळीवर ऐतिहासिक वाहनांच्या संघटनांचा महासंघ किमान ३० वर्षांची वयोमर्यादा मानतो. त्याच्या तुरिन सनदेत वाहनाच्या वापराच्या काळातील बदल हेही त्याच्या इतिहासाचा भाग असू शकतात, हा विचार आढळतो. आपल्याकडील चर्चेला ही दृष्टी उपयुक्त ठरेल.

प्रवासी वाहतुकीच्या बाबतीत मुंबईकरांची संवेदनशीलता वेळोवेळी दिसून आली आहे. बेस्टच्या आणिक आगारात बसवाहतुकीचे संग्रहालय आहे. २००३ साली नोंदणी झालेली शेवटची प्रीमियर पद्मिनी टॅक्सी, २० वर्षांची वयोमर्यादा पूर्ण झाल्याने, ऑक्टोबर २०२३ अखेर सेवेतून बाहेर पडली, तेव्हा वृत्तपत्रांनी त्याची आवर्जून दखल घेतली. किमान एक टॅक्सी जतन करावी, अशी टॅक्सीचालकांच्या संघटनेची मागणी होती. याच शहरात तयार झालेल्या व याच शहराचे ओझे वाहिलेल्या पिकअपला मात्र असा निरोप मिळाल्याचे दिसत नाही.

८. समारोप

वरील विवेचनावरून पुढील निष्कर्ष काढता येतात. जतन केलेल्या जुन्या पिकअपचे आकर्षण केवळ त्याच्या वयात नाही. कारखान्यातील कामगार, हौदा बांधणारा सुतार, मेस्त्री, चालक आणि मालक अशा अनेक हातांनी दीर्घकाळ घेतलेल्या काळजीत ते सामावले आहे. असे वाहन विक्रीस येते, तेव्हा या काळजीलाच बाजारात किंमत मिळत असते. पण त्या किमतीतील वाटा त्या हातांपर्यंत पोहोचत नाही आणि त्यांची नावेही कोठे नोंदली जात नाहीत.

यादृष्टीने काही उपाय सुचविता येतील. व्हिंटेज वाहनांच्या नियमांत सेवेतून निवृत्त झालेल्या मालवाहू वाहनांसाठी स्वतंत्र तरतूद व्हावी व कालानुरूप झालेल्या फेरबदलांची नोंद करून ते मान्य केले जावेत. विक्रीच्या वेळी आरसी बुकाबरोबर वाहनाच्या दुरुस्तीचा वृत्तांत आणि नूतनीकरणापूर्वीची छायाचित्रे नव्या मालकाकडे सुपूर्द करण्याची प्रथा संग्राहकांनी पाडावी. तसेच उपनगरांतील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी कुर्ला, घाटकोपर, अंधेरी व बोरिवली परिसरातील वयोवृद्ध मेस्त्री व चालक यांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करण्याचा प्रकल्प हाती घ्यावा. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना मौखिक इतिहासाच्या अभ्यासासाठी हे क्षेत्र अक्षरशः महाविद्यालयाच्या दारात उपलब्ध आहे.

कुर्ल्यातील प्रीमियरच्या कारखान्यातून आता वाहने बाहेर पडत नाहीत. जुनी गॅरेजेही पुनर्विकासाच्या ओघात कमी होत आहेत. वाहन टिकवता येते, सुटा भाग नव्याने घडवता येतो. परंतु जाणकार मेस्त्री गेला की त्याच्याबरोबर गेलेले ज्ञान पुन्हा मिळवता येत नाही. म्हणून वाहनाच्या जतनाइतकीच, किंबहुना त्याहून अधिक निकड या ज्ञानाच्या नोंदीची आहे.